सांगली-साताऱ्यात राहून तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि कायदा तिन्ही शिकायचं असेल तर पदवीला विषय कसे निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की बारावी कला शाखेतून झालीय, राहायला तासगाव, घरचे म्हणतात 'पाच वर्षांचं लॉ घे आणि विषय मिटव', आणि तुम्हाला मात्र परदेशी विद्यापीठांत असते तशी 'फिलॉसॉफी, पॉलिटिक्स अँड लॉ' पदवी हवी आहे. मी साताऱ्यात वकिली करतो. बीएला राज्यशास्त्र, त्यानंतर तीन वर्षांचं एलएलबी. आखणी अशी काही मी केली नव्हती, त्यामुळे कुठे फसलो ते चांगलं आठवतंय.

आधी त्या नावाचा नाद सोडा. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात या नावाची पदवी आहे, लंडनच्या किंग्ज कॉलेजात याच तीन विषयांची एलएलबी आहे, आणि ऑक्सफर्डची १९२० पासूनची पीपीई सगळ्यांना माहीत असते, तिच्यात कायद्याच्या जागी अर्थशास्त्र. आपल्याकडे ही मोट स्वतःच बांधावी लागते, आणि ती बांधता येते.

घरच्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पाच वर्षांत सनदेपर्यंत, म्हणजे वकिली करायच्या परवान्यापर्यंत पोचता, माझ्या रस्त्याने सहा लागतात. पण पाच वर्षांच्या बीए एलएलबीत तत्त्वज्ञानाच्या वाट्याला फार थोडं येतं, आणि मधेच मन बदललं तर पंचाईत होते. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार त्या एकत्रित कोर्समधून अर्ध्यावर पदवी घेऊन बाहेर पडता येत नाही. उलट बीए तीन वर्षांचं पुरं करून बाहेर पडलात की पदवी हातात असते. मग एलएलबी करा, एमए करा, स्पर्धा परीक्षा द्या. चौथं ऑनर्सचं वर्ष लॉला जायचं असेल तर लागत नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या वर्गातून पदवीला ४५ टक्के लागतात, म्हणजे तीही अडचण नाही. आणखी एक: बीए चालू असताना दुसरीकडे एलएलबीला नाव घालू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली असली तरी कायद्याच्या पदवीबरोबर दुसरी नियमित पदवी बार कौन्सिलला चालत नाही. पत्राने एलएलबी हा प्रकार तर सनदेसाठी धरतच नाहीत.

आता विषय. नव्या शैक्षणिक धोरणात एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतून निवडायचे पेपर) असतात. माझं मत: मेजर राज्यशास्त्र, मायनर तत्त्वज्ञान. राज्यशास्त्राचा विभाग बहुतेक कला महाविद्यालयांत असतो, राज्यघटना त्याच विषयात येते, आणि पाश्चात्त्य राजकीय विचार शिकताना प्लेटो, हॉब्ज, लॉक, मिल असे अर्धे तत्त्वज्ञ तसेही भेटतात. पण ज्या कॉलेजात तत्त्वज्ञानाला जीव लावून शिकवणारा माणूस असेल तिथे बेलाशक उलटं करा. माझ्या वेळी आम्ही चौघेच होतो तत्त्वज्ञानाला. दुसऱ्या वर्षी सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि चौघांनाही दुसरा विषय घ्यायला लावला. त्यामुळे प्रवेशाआधी ऑफिसात नव्हे, थेट विभागात जा आणि विचारा की पूर्णवेळ शिक्षक किती आणि निवृत्त कधी होताहेत. विचारायला अवघड वाटतं, मी विचारलं नव्हतं.

मायनर मिळालंच नाही तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं तत्त्वज्ञानाचं साहित्य त्यांच्या ई-ज्ञानकोश संकेतस्थळावर फुकट आहे. सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स करून त्याचे क्रेडिट विद्यापीठ धरतं का, हे मात्र कोर्स घेण्याआधी लेखी विचारून घ्या.

तत्त्वज्ञानात काय आधी, यावर मी थोडा हटवादी आहे. तर्कशास्त्र आधी. नीतिशास्त्र, वेदान्त, अस्तित्ववाद हे सगळं नंतर. बारावीला तर्कशास्त्र घेतलं नसेल तर बालभारतीची अकरावी-बारावीची तर्कशास्त्राची मराठी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि जून-जुलैत संपवा. बीएला वर्गात बसून जे ऐकलं त्यापेक्षा या दोन पुस्तकांचा मला उलटतपासात जास्त उपयोग झाला, तोही उशिरा, सनद मिळाल्यावर वाचून. 'सगळे साक्षीदार खोटे बोलले' याचा नकार 'सगळे खरे बोलले' असा होत नाही, 'निदान एक तरी खरं बोलला' एवढाच होतो. हे ज्याला झोपेतही कळतं त्याने वकिलीची अर्धी तयारी केली म्हणायची. एलएलबीच्या प्रवेशपरीक्षेलाही (सीईटी) तर्कावर प्रश्न असतात, तो फायदा वेगळा.

कायदा मात्र बीएत फार शिकायला जाऊ नका. करार, अपकृत्य (टॉर्ट), मालमत्ता हे एलएलबीत सक्तीने येतंच, दोनदा कशाला? ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरून घ्यायचं असतं, तिथे वाणिज्यवाल्यांचा व्यापारी कायद्याचा पेपर मिळाला तर घ्या, कलम कसं वाचतात याची सवय लागते. आणि पुण्यातून जुनी फौजदारी कायद्याची पुस्तकं स्वस्तात आणू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा तिन्ही बदललेत. कलमांचे आकडे पाठ कराल आणि पुन्हा विसरावे लागतील.

खरी अडचण वेगळीच आहे. तीन विषय तीन डब्यांत राहतात. राज्यशास्त्राच्या पेपरात अधिमान्यता (सत्ता लोकांना मान्य का होते), तत्त्वज्ञानाच्या पेपरात न्याय, लॉच्या पेपरात इंग्रज कायदेपंडित ऑस्टिन, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. म्हणून पहिल्या वर्षीच एक प्रश्न धरा आणि तो तिन्ही वर्गांत घेऊन जा. मी तुमच्याच भागातला सुचवतो: पत्री सरकार.

१९४३ ते १९४६ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, म्हणजेच पत्री सरकारने, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगलीचा बराच भाग धरून, गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. तंटे मिटवले, दरोडेखोरांना आणि खबऱ्यांना शिक्षा दिल्या. आमच्या भावकीत सांगतात की पणजोबांच्या बांधाचा तंटा मंडळाने एका रात्रीत मिटवला. त्याच बांधाचा दावा आता दिवाणी कोर्टात अकरावं वर्ष चालू आहे.

आता विचारा. कायदा म्हणजे सार्वभौमाची शिक्षेच्या धाकाने दिलेली आज्ञा, असं ऑस्टिन म्हणतो. सार्वभौम तर ब्रिटिश सरकार होतं, मग मंडळाने केला तो कायदा की नुसती बळजबरी? लोक पोलीस पाटलाकडे न जाता मंडळाकडे का गेले, हा राज्यशास्त्राचा प्रश्न. वकील नाही, अपील नाही, तरी दिलेली शिक्षा न्याय्य असू शकते का, हा तत्त्वज्ञानाचा. मग २५ नोव्हेंबर १९४९ चं डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण वाचा. घटनात्मक मार्ग उघडे झाल्यावर सत्याग्रहासकट बाकीचे मार्ग सोडायला हवेत, असं त्यांनी त्यात बजावलंय. ते पत्री सरकारच्या अगदी तीन-चार वर्षांनंतरचं आहे. दोन्ही बाजू एकदम पटतात, तिथेच अभ्यास सुरू होतो. शेवटच्या वर्षी फील्ड प्रोजेक्ट असेल तर हाच विषय घ्या, किंवा खटाव तालुक्यातल्या औंधला जा. तिथल्या राजाने १९३९ साली अधिकार गावपंचायतींकडे सोपवणारी राज्यघटनाच दिली होती. संदर्भासाठी वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश आता ऑनलाइन वाचता येतो, नोंदी छोट्या पण नेमक्या आहेत.

इंग्रजीची भीती तुम्ही कंसात घातलीय, पण मला तोच तुमचा मुख्य प्रश्न वाटला. इथल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयापासून इंग्रजी लागते. उपाय एकच, निकाल वाचणे, आणि सुरुवातीलाच मनेका गांधी खटल्यासारखा लांबलचक निकाल घेऊ नका. बिजो इमॅन्युएल खटल्याचा १९८६ चा निकाल घ्या. केरळातली तीन शाळकरी भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गात नव्हती. शाळेने काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. छोटा आणि सोप्या इंग्रजीतला निकाल आहे. वाचून झाल्यावर एक पान मराठीत लिहा, पण शाळेच्या बाजूने, हरलेल्याच्या. जमलं तर इथे टाका, मी वाचेन.