सबमेनू असलेल्या आयटमलाच बाण कसा द्यायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वर्डप्रेसवर क्लासिक (जुन्या पद्धतीची, ब्लॉकने न बांधलेली) थीम आहे, ज्या आयटमखाली सबमेनू आहे फक्त त्यालाच खाली जाणारा बाण हवाय, पण तुम्ही सगळ्या एलआयला (मेनूतल्या प्रत्येक आयटमच्या टॅगला) बाण दिला आणि तो 'मुख्यपृष्ठ' आणि 'संपर्क' ला पण दिसायला लागला. आणि आता मेनूच्या नावातच हाताने ▾ टाइप करावा का असं विचारताय. तो उपाय करू नका प्लीज. काही स्क्रीन रीडर (अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते चिन्ह नावाचाच भाग समजून वाचतात, आणि उद्या सबमेनू काढलात तर बाण तसाच लटकत राहील.

जावास्क्रिप्ट, पीएचपी काही लागत नाही, नुसतं सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) पुरतं. ज्या आयटमला मुलं (म्हणजे सबमेनू) आहेत त्याच्या एलआयवर वर्डप्रेस स्वतःच मेनू-आयटम-हॅज-चिल्ड्रेन हा क्लास (सीएसएसला धरता येईल अशी खूण) लावतं, 2013 च्या 3.7 आवृत्तीपासून. ब्राउझरमध्ये मेनूवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट केलंत की दिसेलच. ब्लॉक थीम असती तर नॅव्हिगेशन ब्लॉकमध्ये हाच क्लास हॅज-चाइल्ड नावाने येतो, आणि तिथे बाण दाखवायचं सेटिंगच आहे.

आता सिलेक्टर (सीएसएसचा नियम कशाला लागू ते सांगणारा भाग) लिहिताना बहुतेक जण जिथे अडकतात ती जागा. क्लासचं नाव, मग > हे चिन्ह, मग ए म्हणजे लिंकचा टॅग, मग ::आफ्टर म्हणजे लिंकच्या मजकुरानंतर सीएसएसने जोडलेला भाग (कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरात). मधलं > विसरलात की सबमेनूच्या आतल्या प्रत्येक लिंकला पण बाण येतो कारण त्या सगळ्या त्याच एलआयच्या पोटात आहेत, > असलं की फक्त थेट खालची लिंक धरली जाते.

बाणासाठी कंटेंटमध्ये ▾ न लिहिता तो बॉर्डरने काढा असं मी आग्रहाने सांगेन, विशेषतः मेनू मराठीत असेल तर. देवनागरी फॉन्टमध्ये हे चिन्ह नसलं की ब्राउझर ते दुसऱ्याच फॉन्टमधून उचलतो आणि मग एका फोनवर बाण शिरोरेषेला चिकटलेला तर दुसऱ्यावर खाली घसरलेला दिसतो, मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय. त्यापेक्षा कंटेंट रिकामं अवतरण ठेवा (ते लिहायलाच लागतं, नाहीतर काहीच उमटत नाही), डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक, रुंदी आणि उंची 0.4 एम (अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजायचं एकक), फक्त उजवी आणि खालची बॉर्डर 2 पिक्सेल, करंटकलर म्हणजे अक्षराच्याच रंगात, आणि 45 अंश रोटेट. झाला बाण. अक्षराचा रंग बदलला की त्याचाही बदलतो, अक्षर मोठं झालं की तोही मोठा होतो. सबमेनूच्या आत आणखी सबमेनू असेल तर त्यासाठी सिलेक्टरच्या सुरुवातीला सब-मेनू क्लास जोडून उणे 45 अंश द्या, बाण उजवीकडे वळतो.

हे सगळं कस्टमायझरमधल्या ॲडिशनल सीएसएसमध्ये टाका, थीमच्या मूळ फाइलमध्ये टाकलंत तर थीम अपडेट झाली की गेलं.

पण इथे थांबू नका. मी गावातल्या वाचनालयाची साइट केली होती, बाण अगदी छान दिसत होता, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या काकूंचा फोन, अरे 'उपक्रम' वर बोट लावलं तर काही उघडतच नाही, नुसतं पान परत लोड होतंय. चूक माझीच होती, मी सगळं होव्हरवर (माउस वर नेला की उघडेल असं) ठेवलेलं आणि फोनवर होव्हर नसतंच. तो बाण बघूनच त्या दाबत होत्या ना. तेव्हापासून मी लिंकशेजारी बाणाचं वेगळं बटण ठेवतो, आकार निदान 44 पिक्सेल, दाबलं की सबमेनू उघडतो आणि बटणावरचं एरिया-एक्सपांडेड (सबमेनू उघडा आहे का ते स्क्रीन रीडरला सांगणारं ॲट्रिब्यूट) ट्रू होतं, त्याच ॲट्रिब्यूटवर सीएसएसने बाण उलटा फिरवायचा. याला मात्र चार ओळी जावास्क्रिप्ट लागते. बटण घेतलंत की बाण त्या बटणातच काढा आणि लिंकवरचा काढून टाका, नाहीतर दोन-दोन दिसतात. कीबोर्डने फिरणाऱ्यांसाठी होव्हरच्या नियमाला :फोकस-विदिन (कीबोर्डने आतल्या लिंकवर आलं की लागू होणारं) पण जोडा.

अजून एक, मेनू आणि सबमेनूमध्ये मोकळी जागा हवी असेल तर मार्जिन देऊ नका, सबमेनूला वरून पॅडिंग द्या आणि पार्श्वरंग आतल्या लिंकना द्या. मार्जिनच्या त्या फटीत माउस आला की होव्हर सुटतं आणि सबमेनू हातातून निसटल्यासारखा बंद होतो.

एवढं करूनही बाण दिसला नाही तर आधी कॅशे (पानाची साठवलेली जुनी प्रत) साफ करा आणि मग इन्स्पेक्टमध्ये बघा थीमने तिथे स्वतःचा ::आफ्टर आधीच लावलाय का. काही थीम तो जाड अधोरेखेसाठी वापरतात, तसं असेल तर तुमचा बाण ::बिफोरवर न्या आणि लिंकला डिस्प्ले फ्लेक्स देऊन ऑर्डर 1 करा, म्हणजे तो नावाच्या उजवीकडेच राहील.