डेंग्यूनंतर पुन्हा धावायला लागताना: आजचं अंतर उद्याच्या सकाळीवरून ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऑक्टोबरच्या मध्यात डेंग्यू, चार दिवस रुग्णालयात, प्लेटलेट्स 38 हजारांपर्यंत उतरलेल्या, आता 2 लाख 10 हजार. ताप जाऊन साडेतीन आठवडे झालेत. रविवारी ठाण्यात उपवन तलावाला दोन किलोमीटर धावलात तर पल्स 175 ला गेली आणि पुढचे दोन दिवस ऑफिसात टेबलावर डोकं टेकावंसं वाटत होतं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची हाफ मॅरेथॉन आहे, नाव नोंदवून झालंय. रिपोर्ट नॉर्मल असताना असं का होतंय आणि आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी प्लेटलेट्सचा विषय संपवतो, कारण डेंग्यूत घरातले सगळे त्या एकाच आकड्याकडे डोळे लावून बसलेले असतात. प्लेटलेट्स रक्त गोठायला मदत करतात. त्या वर आल्या म्हणजे रक्तस्रावाचा धोका टळला, इतकाच त्याचा अर्थ. दमसासाशी त्यांचा काही संबंध नाही. डेंग्यूत मुख्य नुकसान वेगळीकडे होतं. ताप उतरायच्या सुमारास रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर पाझरतो, तो नंतर परत शोषला जातो आणि या उलथापालथीत हृदयावर बराच ताण येतो. यकृताला सूज असते, एसजीओटी-एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे वाढलेले असतात. आठवडाभर धड जेवण नसतं आणि तापात शरीर स्नायूंतलं प्रथिन जाळत असतं. प्लेटलेट्स काही दिवसांत भरून येतात, बाकीच्या गोष्टींना कित्येक आठवडे लागतात. डेंग्यूनंतर महिना-दीड महिना थकवा राहणं अगदी नेहमीचं आहे. केसही साधारण याच काळात गळायला लागतात, त्याने घाबरून जाऊ नका.

शिवाय नुसत्या पडून राहण्याचाही हिशेब आहेच. 1966 साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी पाव भागाहून जास्त घसरली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने झालेली घसरण त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाली. ही माणसं आजारी नव्हती, त्यांना कुठल्या विषाणूची लागण झाली नव्हती. तेव्हा तुमची 175 ची पल्स अजिबात आश्चर्याची नाही. आनंदाची गोष्ट ही की अंथरुणातून उठल्यावर आठेक आठवड्यांच्या सरावाने त्यांची गेलेली क्षमता भरून आली होती. ती परत येतेच, फक्त तिला तिचा वेळ द्यावा लागतो.

आता धावण्याआधीची एक अट, आणि ही मी कुणालाच सोडत नाही. छातीत दुखणं किंवा दाटल्यासारखं होणं, बसल्या जागी धडधड, ठोका चुकल्यासारखं वाटणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, आडवं झाल्यावर लागणारी धाप, पावलांवर सूज, यातलं काहीही असेल तर बूट घालायचे नाहीत, डॉक्टरकडे जायचं. विषाणूजन्य आजारात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. डेंग्यूतही ती होते. बहुतेकांना होत नाही, पण झालेली असताना जोरात व्यायाम केला तर ते जिवावर बेतू शकतं. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राला साध्या व्हायरल तापानंतर पुण्यात तळजाई टेकडीची चढण चढताना धडधडायला लागलं. तो तिथेच थांबला, दुसऱ्या दिवशी ईसीजी आणि इको केला, पुढे एमआरआय झाला आणि मायोकार्डायटिस निघाला. कार्डिओलॉजिस्टने काही महिने धावणं पूर्ण बंद ठेवलं. आज तो आमच्याबरोबर धावतो. थांबला म्हणून धावतो, असं मी मनापासून मानतो.

तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, तरी 175 पल्स आणि दोन दिवसांचा थकवा एवढ्यावर एक फेरी डॉक्टरकडे माराच. ईसीजी, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, यकृताची तपासणी आणि त्याच सुईत बी-12 आणि डी ही जीवनसत्त्वं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय म्हणून बी-12 मुद्दाम सांगतो. आजारापूर्वीच ते कमी असेल तर सगळा दोष उगाच डेंग्यूवर जातो.

आता मुख्य गोष्ट. रविवारच्या त्या दोन किलोमीटरांत तुम्हाला सर्वात जास्त खटकली ती पल्स. मला खटकला तो सोमवार आणि मंगळवार. धावताना धाप लागणं हे फिटनेस गेल्याचं लक्षण आहे, ते सरावाने जातं. पण धावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळून जाणं म्हणजे शरीराची दुरुस्ती अजून चालू आहे आणि तुम्ही तिच्या वाट्याची ताकद काढून घेतली. हे सरावाने जात नाही, उलट रेटलं तर लांबतं. दोन्हींचा इलाज एकमेकांच्या उलट आहे, म्हणून त्यांच्यात गल्लत करू नका. धावताना छान वाटलं की आपण खूश होतो, घरी येऊन स्ट्रावा या धावण्याच्या ॲपवर टाकतो, आणि हा थकवा नेमका चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी येतो. त्यामुळे आजचं धावणं बरोबर होतं की जास्त झालं, याचा निकाल आज लागतच नाही.

तर हे करा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहितो ना, त्याच चौकोनात रोज सकाळी तीन गोष्टी लिहा. झोपेतून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, हो की नाही. अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलेली पल्स. आणि इमारतीचे दोन मजले नेहमीच्या चालीने चढल्यावर वर पोचून बोलता येतं का. घड्याळातल्या रिकव्हरीच्या आकड्यांवर तूर्त विसंबू नका. डेंग्यूतून बरं होताना काही जणांची विश्रांतीची पल्स नेहमीपेक्षा कमी लागते आणि घड्याळ त्याला उत्तम फिटनेस समजतं. म्हणून पल्स एकटी बघायची नाही, जिन्याच्या आणि झोपेच्या जोडीने बघायची. नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त लागली आणि अंगात कणकणही आहे, तर त्या दिवशी सुट्टी. सलग दोन सकाळी चांगल्या गेल्या तरच पुढची पायरी.

पहिली पायरी चालण्याची आहे, आणि तुम्ही ती ओलांडून थेट धावलात. पुढचा आठवडाभर फक्त चाला. तलावपाळीला फेऱ्या मारा. तिथे रस्ता सपाट आहे, दमलात तर बसायला जागा आहे आणि घरी यायला रिक्षा हाताशी आहे. येऊरचा चढ तूर्त नको. वीस मिनिटांपासून सुरुवात करून सलग चाळीस मिनिटं भरभर चालता आलं आणि दुसरा दिवस नेहमीसारखा गेला, तर धावण्याचा विचार. वीस मिनिटांनीच गळून गेलात तर दहा करा. इथे कमीपणा काही नाही. तापातून उठलेल्या माणसाचा वीस मिनिटांचा फेरफटका हा त्या दिवशीचा पुरेसा व्यायाम असतो.

मग एक मिनिट अगदी हळू जॉग, दोन मिनिटं चाल, असं एकूण वीस मिनिटं, एक दिवसाआड. हळू म्हणजे किती, तर सतराचा पाढा मध्ये श्वासासाठी न अडखळता मोठ्याने म्हणता आला पाहिजे. सतरा सक एकशे दोनला आवाज तुटला की चालायला लागायचं. लोक बघतील म्हणून लाजू नका, सकाळी तळ्याभोवती निम्मे लोक फोनवर मोठ्याने बोलतच असतात. पेसचा, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्याचा आकडा घड्याळाच्या स्क्रीनवरून काढूनच टाका. पूर्वी तुमचा ईझी, म्हणजे आरामात धावण्याचा पेस 7 चा होता, आता तो 9 आला तरी तोच तुमचा ईझी आहे. पुढे दोन मिनिटं जॉग एक मिनिट चाल, मग पाच-एक, मग सलग वीस मिनिटं. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. वेळ वाढवली त्या आठवड्यात चढ नाही, वेग नाही. इंटर्व्हल्स आणि टेम्पो रन, म्हणजे वेगाचे सराव, सलग तास-सव्वा तास सहज होईपर्यंत बाजूलाच राहू द्या. दुसरा दिवस वाईट गेला तर पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबायचं आणि आधीच्या पायरीवरून पुन्हा सुरू करायचं, जिथे अडलं तिथून नाही.

अंग दुखतंय म्हणून धावण्याआधी ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लाम घेण्याची सवय असेल तर ती मोडा. डेंग्यूच्या तापात ही औषधं रक्तस्रावाच्या भीतीने वर्ज्य असतात हे तुम्हाला रुग्णालयात सांगितलं असेलच. नंतरही घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि मुख्य म्हणजे शरीर जे सांगू बघतंय तेच दाबून टाकतात. सांधे मात्र सकाळी आखडलेले आणि सुजलेले असतील, बोटांची मूठ वळत नसेल, तर डॉक्टरांना चिकनगुनियाबद्दल विचारा. डास तोच असतो, दोन्ही एकत्र झालेले असू शकतात, आणि त्याच्या सांधेदुखीचं वेळापत्रक फार लांब, कधी कधी महिनोन्महिने चालणारं आहे.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. पपईच्या पानांचा रस आता बंद केलात तरी चालेल. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर यातलं काहीतरी ठसठशीत हवं, नुसत्या मऊ भातावर स्नायू भरत नाहीत. नाचणीची आंबील, शेंगदाणा-गूळ, हळिवाचे लाडू, जे रुचेल ते. झोप आठ तास. रात्री साडेअकरापर्यंत लॅपटॉप आणि पहाटे साडेचारला गजर, हे या दोन महिन्यांत जमणार नाही.

आता हाफ. तुमच्या हातात साधारण नऊ आठवडे आहेत. शर्यत आजच सोडा असं मी म्हणणार नाही, पण दोन तास दहाचं लक्ष्य मात्र आजच सोडा. ते डोक्यात राहिलं तर प्रत्येक चांगल्या सकाळी तुम्ही एक पायरी गाळाल. निर्णय डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी घ्या. तोपर्यंत दीड तास, हवं तर मध्ये चालत, पाढा म्हणता येईल अशा गतीने झाला आणि सोमवार-मंगळवार ऑफिसात नेहमीसारखे गेले, तर जा. तसं झालं नाही तर बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, घेऊ नका. बिब हातात आला की पहाटे स्टेशनवर सगळे मित्र दिसतात आणि मग "थोडंसं धावून बघू" होतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. ती शर्यत 2004 पासून, कोविडची दोन वर्षं सोडली तर, दरवर्षी होते आहे, पुढच्या वर्षीही होईल. गेलात तर सुरुवातीपासून जॉग आणि चाल ठरवून ठेवा, पेडर रोडची चढण सबंध चालत चढा, आणि धडधड किंवा चक्कर जाणवली तर जवळच्या मेडिकल स्टेशनला थांबा, तिथून परत धावायला निघू नका.

अजून एक, हे सहसा कुणी सांगत नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक झाला की त्याच प्रकारापासून संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून कायमचं नाही, आणि दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सूर्योदयानंतरचे दोनेक तास आणि सूर्यास्ताच्या आधीचे काही तास तर हमखास. म्हणजे आपण सगळे नेमके धावतो ती वेळ. तळ्याकाठी जाताना पूर्ण लांबीची टाइट्स आणि लांब बाह्यांचा टीशर्ट घाला, उघड्या राहिलेल्या त्वचेवर डासांचं क्रीम लावा, आणि धावून झाल्यावर झाडाखालच्या बाकावर घामेजलेल्या अंगाने गप्पा मारत बसू नका. स्ट्रेचिंग घरी येऊन पंख्याखाली करा.

ईसीजी आणि फेरिटिनचे रिपोर्ट आले की कळवा, आणि चालण्याच्या पहिल्या आठवड्यातल्या नोंदीही लिहा. त्या बघून पुढच्या पंधरा दिवसांचं आपण मिळून ठरवू.