लाइट आली, पण ग्राफ कुणाचा? एसएनएमपीची प्रश्नोत्तरे

एसएनएमपी म्हणजे स्विच-राउटरची माहिती नेटवर्कवरून वाचायची पद्धत, आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीचा टिंबांनी जोडलेला आकडा म्हणजे ओआयडी. त्याबद्दल तेच ते गोंधळ विचारले जातात, म्हणून या वेळी एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न (जालना): १.३.६.१.२.१.१.५ वर स्विचचं नाव मिळायला हवं, पण एरर येते.

शेवटी .० लावा. एकच किंमत (व्हॅल्यू) असलेल्या नोंदीला ते लागतंच.

प्रश्न (लातूर): विक्रेता म्हणतो, मिब फाइलचं लायसन्स घेतल्याशिवाय मॉनिटरिंग चालणार नाही. खरं का?

खोटं. मिब ही साधी टेक्स्ट फाइल आहे. कोणत्या आकड्याचं नाव काय, अर्थ काय, एवढंच ती सांगते. उपकरणाला फक्त आकडा कळतो. कंपन्यांच्या खास नोंदी १.३.६.१.४.१ खाली असतात. त्यापुढचा आकडा कंपनीचा, तो आयाना ही संस्था देते: सिस्कोचा ९, मायक्रोटिकचा १४९८८. त्या फांदीवर एसएनएमपीवॉक (खालच्या सगळ्या नोंदी वाचणारी कमांड) चालवा, फाइल नसली तरी किमती दिसतील. पैसे नेमके कशाचे, ते कोटेशनवर लिहून मागा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न (उदगीर): कॉलेजात लाइट जाऊन आली की होस्टेलच्या ग्राफवर लॅबचा ट्रॅफिक दिसतो. स्विच बिघडला का?

स्विच ठीक आहे, घोळ इफइंडेक्सचा, म्हणजे स्विचनं पोर्टला दिलेल्या क्रमांकाचा आहे. येणाऱ्या बाइट्सचा ओआयडी १.३.६.१.२.१.२.२.१.१०, आणि त्याला जोडलेला शेवटचा आकडा म्हणजे इफइंडेक्स. समजा होस्टेलचा पोर्ट ३ होता. रीबूटनंतर स्विचनं नव्यानं वाटप केलं, ३ लॅबला गेला. तुमचं सॉफ्टवेअर मात्र ३ लाच होस्टेल समजतंय. रीबूटनंतर तोच आकडा राहील, अशी हमी मानकात नाही. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, तरी हे कुणी तपासत नाही आणि महिनोन्‌महिने चुकीच्या ग्राफवर लाइन वाढवायचे निर्णय होतात! ग्राफ इफनेमशी, म्हणजे पोर्टच्या नावाशी (१.३.६.१.२.१.३१.१.१.१.१) जोडा. प्रत्येक पोर्टला इफएलियास (तुम्ही ठरवलेलं टोपणनाव) द्या, तो रीबूटनंतरही टिकतो. सिस्कोवर ‘इफइंडेक्स पर्सिस्ट’ (रीबूटनंतर तेच क्रमांक ठेवणारी सेटिंग) चालू करा. सिसअपटाइम, म्हणजे स्विच सुरू होऊन झालेला वेळ (१.३.६.१.२.१.१.३.०) मागे गेला की इंडेक्स पुन्हा वाचायला लावा, मात्र ४९७ दिवसांनी तो आपोआपही शून्यावर येतो. चालू स्विचवर बदल करण्याआधी कॉन्फिगचा बॅकअप घ्या, नेटवर्क बघणाऱ्याला विचारा. पुढच्या भारनियमनाची वाट बघू नका.

प्रश्न (नांदेड): १ जीबीपीएसची लाइन भरलेली असते, ग्राफ मात्र तळाशी.

३२ बिटांचा काउंटर त्या वेगात ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो आणि तुम्ही ५ मिनिटांनी वाचता. ६४ बिटांचा वापरा: १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६. एसएनएमपीच्या आवृत्ती १ मध्ये तो मिळत नाही. २सी किंवा ३ हवी.

प्रश्न (बीड): कम्युनिटी (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) ‘पब्लिक’च आहे. नुसतं वाचायचं, मग धोका काय?

वाचूनच तुमच्या नेटवर्कचा सगळा नकाशा बाहेर जातो. २सी मध्ये कम्युनिटीही उघडी जाते. यूडीपी १६१ (एसएनएमपीचा पोर्ट) बाहेरून बंद करा, आवृत्ती ३ ऑथप्रिव्हसह (ओळख तपासणी आणि एन्क्रिप्शन) लावा. राउटर आयएसपीचा (इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा) असेल तर आधी त्यांच्याशी बोला, पण आजच.