प्रश्नावली उचलून भाषांतर करू नका, माझे १२० फॉर्म वाया गेलेत

निपाणीच्या ताई, बी.एड.च्या पोरांची जागतिक नागरिकत्वाची जाण मोजायला परदेशी प्रश्नावली मराठी करून वाटू का असं विचारलंय तुम्ही. वाचून पोटात गोळाच आला, एम.एड.ला मी हेच करून बसलोय. मी खानापूरकडचा.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतलं ४.७ (त्यात जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण येतं), २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण वगैरे पहिल्या प्रकरणात सगळेच कोंबतात, ते सोडा.

घाईत पायलट, म्हणजे आधी थोड्या जणांवर चाचणी, न घेता मी १२० फॉर्म वाटले. ‘सगळी माणसं समान आहेत’ याला झाडून सगळे पूर्ण सहमत. उद्याचा मास्तर नाही म्हणेल होय? आणि ‘वेगळ्या संस्कृतीशी संपर्क’ यात सगळे नापास, कारण प्रश्न सगळे परदेशप्रवासाचे न् परदेशी मित्रांचे. एका बाईंनी तिथं ‘कधीच नाही’वर टिक केली आणि फॉर्म माझ्या हातात देता देता शेजारणीला कन्नड सर्क्युलर मराठीत समजावत होत्या, घरी त्या कोकणी बोलणाऱ्या! हे माझ्या प्रश्नावलीत कुठंच बसलं नाही. एकानं समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘सर, आधी इथलं तरी होऊ दे.’

वेस्टहायमर-काहन या नागरिकत्व शिक्षणाच्या अभ्यासकांचा २००४ चा पेपर तेव्हा वाचायला हवा होता. नियम पाळणारा, पुढं होऊन काम करणारा आणि अन्यायाचं मूळ शोधणारा, असे नागरिकाचे तीन प्रकार ते करतात. माझे प्रश्न पहिल्याच्या पुढं गेलेच नव्हते.

मग सगळं टाकून प्रसंग दिले. वर्गात एकाच्या घरच्या बोलीला पोरं हसली, तुम्ही काय कराल? याला मात्र १२ जणांनी १२ तऱ्हेची उत्तरं दिली. गाईड ‘प्रमाणित साधनच पाहिजे’ (म्हणजे आधी तपासून पक्की केलेली प्रश्नावली) म्हणतील, तर निदान १० जणांवर आधी करून बघा, आणि मराठी झालेलं दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्या, अर्थ कुठं घसरला ते तिथंच कळतं.

फॉर्म वाटायच्या परवानगीचं म्हणाल तर अर्ज कन्नडमध्येच द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. एका ऑफिसात मी इंग्रजी अर्ज घेऊन ‘नाळे बर्री’ (उद्या या) ऐकत दीड महिना घालवलाय, शेवटी कळलं अर्ज टपालाच्या नोंदवहीत चढलाच नव्हता. टेबलाच्या काचेखाली होता तो, मला रोज दिसत होता!

माझं जुनं आहे हं, तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असतील, पीएच.डी.ला तर असतातच. फॉर्म अजून छापले नसतील तर थांबा, प्रसंगांचा कच्चा कागद शोधून फोटो टाकतो.