देवराईत काहीही लावू नकोस

पोरी,

तुझा मेसेज वाचला. कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्याचा फंड मिळालाय, राईत, म्हणजे देवाच्या नावाने गावाने राखलेल्या जंगलात, औषधी वनस्पतींचं उद्यान करायचं, आतली झुडपं साफ करून पाट्या लावायच्या, आणि गुरव नको म्हणतोय म्हणून तू अडकलीयस. अगं, गुरव बरोबर बोलतोय! राईत काही लावायचं नाही, काही साफ करायचं नाही.

तू ज्याला कचरा म्हणतेस तिथे जरा वाकून बघ. कुजक्या पाल्यातून बोटभर उंचीची नरक्या या औषधी झाडाची रोपं वर आलेली असतात, एकदा कोयता फिरला की संपलं. 1972 मध्ये नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य सापडलं, कॅन्सरच्या औषधाला लागतं ते, मग मागणी वाढली आणि सह्याद्रीतली झाडंच्या झाडं तोडून नेली. सीता अशोकाची साल तर इतकी ओरबाडली की आता बाजारात भलतीच साल अशोकाची म्हणून खपते. आणि तू आहे ते साफ करून नर्सरीतली रोपं आणणार?

माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात या राया फिरून बघितल्या, श्रीवर्धनकडच्या एका राईत त्यांना गारंबीचा वेल दिसला, गुरांना साप चावला की लोक लांबून तिची साल मागायला यायचे. तो वेल कुणी लावला नव्हता, गावाने राखला होता.

एका गावात देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडं विकली, देवाला स्लॅब आणि फरशी आली. मी मीटिंगमध्ये बोलत राहिलो, कुणी ऐकलं नाही, ती सल अजून आहे. तेव्हापासून मी हेकट झालो, लोक म्हणतात तेही खरंय. पण शेजारच्या गावात अडून बसलो म्हणूनच तिथला बेहडा उभा आहे, त्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो, तोच फळं खाऊन बिया लांबवर टाकतो. म्हणून परत सांगतो, राईत काही लावायचं नाही.

फंड परत करू नकोस. शाळेमागे रोपवाटिका कर, बी राईच्या कडेचं घे, तेही गुरवाला विचारून. अडुळसा, शतावरी, गुळवेल घरोघरी परसात लावायला दे, म्हणजे खोकल्या-तापासाठी कुणाला राईत शिरावं लागणार नाही. कंपनीला पाटी हवीच असेल तर तिथे लावू दे. आणि गुरवाला उद्याच भेट, एकटी जा, प्रोजेक्ट रिपोर्ट घरी ठेव.