आधी चिप, मग लस : मांजराला जर्मनीला नेताना

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. यजमानांची बदली म्युनिकला झाली असून, ते, मी आणि आमची आठ वर्षांची मुलगी १५ सप्टेंबरला निघणार आहोत. आमच्याकडे चिंगी नावाची चार वर्षांची मांजरी आहे. तिला जानेवारीत रेबीजची लस टोचून घेतली आहे, मात्र मायक्रोचिप बसवलेली नाही. प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या एका गृहस्थांनी लसीची पुस्तिका आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला पुरेल, असे सांगितले आहे. ते खरे मानावे का? चिंगीला सोडून जायला मुलगी कबूल होत नाही. हे पत्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लिहीत आहे. – एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : आपल्याला मिळालेली माहिती अपुरी आहे आणि तिच्यावर विसंबून आपण विमानतळावर गेलात, तर चिंगीला तिथूनच परत आणावे लागेल. चिंगी जर्मनीला नक्की जाऊ शकते. मात्र १५ सप्टेंबरला ती जाऊ शकत नाही. हे मुलीला आजच सांगावे. निघायच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा ते बरे.

युरोपीय संघात मांजर आणायचे असेल, तर नियमांची संपूर्ण रचना रेबीजभोवती आहे. काही देशांची रेबीजविषयक व्यवस्था संघाने मान्य केलेली आहे. भारत त्या यादीत नाही, म्हणून आपल्याकडून जाणाऱ्या प्राण्याला एक जादा रक्तचाचणी करावी लागते आणि तिच्यासाठी थांबावे लागते. पहिली पायरी चिपची आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली सुईने सोडतात. भूल लागत नाही. ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची, १५ अंकी क्रमांकाची असावी, म्हणजे तिकडचा स्कॅनर ती वाचू शकतो. त्यानंतर रेबीजची लस द्यायची. चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही, कारण ती याच मांजराला दिली होती याचा पुरावा राहत नाही. त्यामुळे चिंगीची जानेवारीतली लस तिच्या शरीरात काम करीत असली, तरी कागदावर शून्य आहे. चिप बसवून त्याच दिवशी पुन्हा लस घेतलेली चालते. क्रम तेवढा बदलू नये.

लस दिल्यानंतर किमान ३० दिवस गेल्यावर रक्त काढायचे. त्यातील रक्तद्रव युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेकडेच जायला हवा. अन्य प्रयोगशाळा कितीही नावाजलेली असली, तरी तिचा अहवाल उपयोगाचा नाही. रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले, म्हणजे चाचणी उत्तीर्ण झाली. त्यानंतरही रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय संघात प्रवेश नाही. हे तीन महिने अनेकांना निव्वळ सरकारी अडवणूक वाटते, पण त्यामागे ठोस कारण आहे. प्राण्याला लस घेण्यापूर्वीच रेबीजची बाधा झालेली असेल, तर लक्षणे दिसायला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात, आणि रक्तातील प्रतिपिंडे लसीची ताकद दाखवतात, आधीच शिरलेला विषाणू दाखवत नाहीत. तो काळ आपल्याच घरी काढून मांजर निरोगी राहिले, की पलीकडे पोहोचल्यावर त्याला विलगीकरणात डांबून ठेवण्याची गरज उरत नाही. मला तर ही अट दयाळू वाटते. मांजर अनोळखी पिंजऱ्यात राहण्यापेक्षा स्वतःच्या खिडकीत बसून थांबते.

आता आपला हिशेब मांडू. २० जुलैला चिप आणि लस झाली, तर २० ऑगस्टला रक्त काढता येईल आणि २० नोव्हेंबरनंतर चिंगी प्रवासाला मोकळी होईल. इथे आणखी एक अट आहे आणि पुष्कळ कुटुंबे तिच्यापाशीच अडखळतात. घरगुती प्राणी म्हणून जायचे असेल, तर प्राण्याच्या आणि मालकाच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर असता कामा नये. आपण सप्टेंबरमध्ये गेलात आणि चिंगीला नोव्हेंबरात एखाद्या नातेवाइकाबरोबर पाठवलेत, तर तो प्रवास व्यापारी मालाच्या नियमांत मोडतो आणि कागदपत्रे अधिकच किचकट होतात. म्हणून आपल्यापुढे दोनच सरळ वाटा आहेत. एक तर यजमानांनी पुढे जावे आणि आपण, मुलगी व चिंगी यांनी नोव्हेंबरअखेर निघावे. किंवा तिघांनी ठरल्याप्रमाणे जावे, चिंगीला आजी-आजोबांकडे ठेवावे आणि नाताळच्या सुटीत आपल्यापैकी एकाने येऊन तिला सोबत न्यावे. बव्हेरियातील शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात, हे लक्षात घेता मी दुसरी वाट सुचवीन. मुलीची शाळा बुडणार नाही आणि चिंगीला ओळखीच्या माणसांत राहता येईल. जी व्यक्ती न्यायला येईल, तिचेच नाव मालक म्हणून सर्व कागदांवर असावे.

प्रवासाच्या वेळी लागणारा मुख्य कागद म्हणजे आरोग्य प्रमाणपत्र. हे खासगी डॉक्टरांच्या सहीचे चालत नाही. केंद्र सरकारच्या प्राणी क्वारंटाइन आणि प्रमाणन सेवेच्या मुंबई केंद्रातील अधिकारी मांजर प्रत्यक्ष पाहून ते देतात. ठरलेला नमुना इंग्रजीसह जर्मन भाषेतला घ्यावा, कारण ज्या देशातून संघात प्रवेश होतो, त्या देशाची भाषा त्यावर लागते. ते दिल्यापासून दहा दिवसांच्या आत संघात पोहोचायला हवे. नाताळची सुटी आणि शनिवार-रविवार वजा जाता हाती चार-पाच कामाचे दिवसच उरतात, तेव्हा केंद्राची वेळ आधी ठरवून मगच तिकिटाची तारीख निश्चित करावी. लसीची पुस्तिका, चाचणीचा मूळ अहवाल, पारपत्र, तिकीट आणि आपल्या डॉक्टरांचा दाखला एकाच फाइलमध्ये ठेवावा.

आणि प्रत्येक कागदावरचा चिपचा क्रमांक स्वतः बोटाने एकेक अंक दाखवत वाचून पाहावा. काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात आलेल्या एका कुटुंबाच्या बोक्याची सगळी तयारी झाली होती. शेवटच्या तपासणीला मी स्कॅनर त्याच्या मानेमागून फिरवला, बीप वाजला, पडद्यावर क्रमांक आला. आणि चाचणीच्या अहवालावर मात्र ६८ च्या जागी ८६ होते. रक्ताची नळी पाठवताना अर्ज भरणाऱ्याकडून दोन अंकांची अदलाबदल झाली होती. प्रयोगशाळेकडून दुरुस्ती येईपर्यंत त्यांचे विमान निघून गेले. तो बोका नंतर सुखरूप पोहोचला, पण त्या दिवशीचा त्या गृहिणीचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून रक्त काढण्यापूर्वी मी चिप पुन्हा वाचतो आणि क्रमांक मालकांकडून मोठ्याने म्हणवून घेतो. आपणही आपल्या डॉक्टरांना तसे करायला सांगावे.

विमानात अनेक कंपन्या पिशवीसह सुमारे आठ किलोपर्यंतचे मांजर केबिनमध्ये पायाशी ठेवू देतात. मात्र एका विमानात अशा प्राण्यांची संख्या मर्यादित असते, म्हणून आपल्या तिकिटाआधी चिंगीची जागा फोनवर पक्की करावी. आखातातून जाणाऱ्या काही कंपन्या मांजर केबिनमध्ये घेतच नाहीत. शक्य तर थेट विमान निवडावे, कारण वाटेत युरोपातल्या दुसऱ्या शहरात उतरलात, तर तपासणी तिथेच होते. सुरक्षा तपासणीत मांजराला पिशवीतून बाहेर काढून कडेवर घ्यावे लागते; त्यासाठी अंगात नीट बसणारा पट्टा घालण्याची सवय आतापासून लावावी. झोपेचे औषध मनाने देऊ नये. गुंगीत रक्तदाब उतरतो, मांजर मान सावरू शकत नाही आणि विमान कंपन्या असा प्राणी नाकारतात.

खरी तयारी पिशवीची आहे. बहुतेक मांजरांना पिशवी म्हणजे दवाखाना एवढेच ठाऊक असते. ती कपाटावरून खाली आली, की चिंगीही वळकटीमागे दडत असेल. उद्यापासून ती पिशवी उघडी करून दिवाणखान्यात कायमची ठेवावी, आत आपली वापरलेली जुनी ओढणी अंथरावी, आणि चिंगीचे रात्रीचे खाणे आधी दाराशी, मग उंबऱ्यात, मग आत सरकवत न्यावे. ऑक्टोबरपर्यंत ती आपण होऊन आत झोपू लागली, तर अर्धा प्रवास झाला असे समजावे. हे काम आजीआजोबा उत्तम करू शकतील.

म्युनिकला उतरल्यावर सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेतून जाऊन कागद दाखवावेत. सारे बरोबर असेल, तर क्वारंटाइन नाही. पुढे स्थानिक पशुवैद्यांकडून संघाचे प्राणी-पारपत्र करून घ्यावे आणि भारतातल्या चाचणीचा अहवाल जपून ठेवावा. लसीत एक दिवसाचाही खंड पडला नाही, तर ही चाचणी जन्मभर ग्राह्य राहते. खंड पडला, तर सारे पुन्हा पहिल्यापासून. घर भाड्याने घेताना मांजराचा उल्लेख आधीच करावा. भाडेकराराच्या छापील मजकुरात कुत्री-मांजरे सरसकट निषिद्ध ठरवता येत नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ साली दिला आहे, तरी घरमालकाची लेखी संमती घेतलेली चांगली.

प्रश्न : माझा मुलगा सिडनीत स्थायिक झाला असून मला कायमचे तिकडे बोलावतो आहे. माझ्याकडे तेरा वर्षांचा बोका आहे. त्याला मूत्रपिंडाचा विकार आहे. त्याला नेता येईल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : भारतातून मांजर थेट ऑस्ट्रेलियात नेता येत नाही. त्याला आधी ऑस्ट्रेलियाने मान्य केलेल्या एखाद्या देशात काही महिने राहावे लागते, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील केंद्रात किमान दहा दिवस, आणि पुष्कळदा तीस दिवस, विलगीकरणात. तरुण, निरोगी प्राण्यासाठीही हे कष्टाचे आहे. ज्याला दररोज औषध आणि भरपूर पाणी लागते, अशा बोक्यावर हा प्रवास लादू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले जाणे पुढे ढकलता येत असेल, तर त्याच्यासाठी थांबावे. थांबणे अशक्य असेल, तर त्याने आजवर ज्यांच्या हातून खाल्ले आहे अशा शेजारी वा नातेवाइकांकडे त्याला आपल्याच देखरेखीखाली महिना-दोन महिने राहू द्यावे, औषधे कशी द्यायची ते त्यांना हाताने शिकवावे आणि त्याचे रक्ताचे सर्व अहवाल त्यांच्या स्वाधीन करूनच निघावे.