वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची आगगाडी आणि तिचा भाव

गेल्या अंकात चावीच्या खेळण्यांची साफसफाई कशी करावी ते लिहिलं. पत्रं आली ती मात्र सगळी एकाच चालीवर : ‘आमच्याकडे जुनी आगगाडी आहे, किती येतील?’ साफसफाईबद्दल एकानंही विचारलं नाही. चालायचंच. ज्यांत काही सांगण्यासारखं होतं ती पत्रं घेतली आहेत.

ताई, माझे सासरे शिकायला लंडनला होते. १९५५च्या सुमारास परत येताना त्यांनी ‘हॉर्नबी डब्लो’ या ब्रिटिश मालिकेतली, खेळण्यातली, विजेवर चालणारी गाडी आणली. हिरवं इंजिन, त्यावर ‘डचेस ऑफ मॉन्ट्रोज’ असं नाव, दोन डबे, रूळ आणि ट्रान्सफॉर्मर. इंजिनाचा निळा खोका आहे, पण त्यावर सासऱ्यांनी शाईनं स्वतःचं नाव घातलंय. इंटरनेटवर अगदी हेच इंजिन ५०० पौंडांना दिसलं. मुलगा म्हणतो, विकून टाकू. खरंच एवढे येतील का? (नाशिक)

नाही येणार. ५०० पौंड हा कुणीतरी मागितलेला भाव आहे, कुणी दिलेला नव्हे. फ्लॅटच्या जाहिरातीतला आकडा आणि निबंधकाकडे नोंदलेला आकडा यांत जेवढं अंतर असतं, त्याहून इथे जास्त असतं, कारण इथे मागणाऱ्याला विचारणारं कुणी नाही. मुलाला सांगा, त्याच संकेतस्थळावर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ एवढ्याच दाखव अशी चाळणी असते, ती लाव. शिवाय ब्रिटनमधली लिलावघरं संपलेल्या लिलावांचे आकडे जाहीर करतात. तिथे हेच इंजिन, वापरलेलं पण धडधाकट, साधारण पन्नास ते शंभर पौंडांत जाताना दिसेल.

एवढं कमी का? कारण हॉर्नबीच्या लिव्हरपूलमधल्या बिन्स रोडवरच्या कारखान्यानं मॉन्ट्रोज भरपूर काढली. ती १९५३ची. ब्रिटिश रेल्वेचं राष्ट्रीयीकरण १९४८मध्ये झालं, त्यानंतरच्या खऱ्या इंजिनांचा रंग म्हणून हिचाही हिरवा. युद्धानंतरच्या पोरांच्या हातात पैसे आले तो हा काळ, आणि ती पोरं आता ऐंशीच्या घरात आहेत. दर महिन्याला त्यांतल्या काहींचे संग्रह लिलावाला येतात. वस्तू तेवढ्याच, घेणारे कमी. लहानपणी मिळाली नाही म्हणून म्हातारपणी दुप्पट पैसे मोजून घेणारा गिऱ्हाईक हाच या बाजाराचा कणा होता, आणि तोच आता विकायला उभा आहे.

डब्लोमध्ये पैसे आहेत ते युद्धाआधीच्या मालात. डब्लो १९३८मध्ये बाजारात आली, तेव्हा विजेवरची आणि चावीची अशी दोन्ही इंजिनं होती. युद्धात उत्पादन थांबलं, आणि नंतर चावीची डब्लो पुन्हा निघालीच नाही. म्हणजे जेमतेम दोनेक वर्षांचा माल. तसं इंजिन घरात निघालं तर मात्र मला आधी कळवा आणि मुलाला नंतर.

आता हिशेब. समजा लंडनच्या लिलावात हातोडा ८० पौंडांवर पडला. घेणाऱ्याला त्यावर लिलावघराचं पाव हिस्सा तरी शुल्क, आणि तुमच्या ८०मधूनही पंधरा-वीस टक्के दलाली. नाशिकहून धातूचं इंजिन विमानानं पाठवण्याचा खर्च तुमचा. हातात पन्नास उरले तरी नशीब.

त्यापेक्षा इथेच विका. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३मध्ये ७०. छोट्या प्रमाणातल्या आगगाड्याही त्याच गटात मोडतात. वर अधिभार आणि जीएसटी. म्हणजे मुंबईच्या एखाद्या शौकिनानं तेच ८० पौंडांचं इंजिन टपाल भरून मागवलं, तर घरी पोचेपर्यंत त्याला बरंच जास्त पडतं. तुम्ही शंभर-सव्वाशे पौंडांच्या हिशेबानं रुपये सांगा, तो खूश आणि तुम्हीही.

खोक्यावरच्या नावानं किंमत थोडी उतरते. पण ते खोडायला जाऊ नका, खोडलेली जागा शाईपेक्षा वाईट दिसते. खोका मुळात आहे हेच मोठं. हल्ली नवे छापलेले खोके सर्रास मिळतात, म्हणून जुना पुठ्ठा, त्याची पिवळी पडलेली धार, आतला कागद यांना मान आहे. आणि एक कळकळीचं सांगणं : तो ट्रान्सफॉर्मर भिंतीच्या सॉकेटला लावू नका. सत्तर वर्षांची रबरी वायर बोटानं दाबली की बिस्किटासारखी फुटते. इंजिन चालतं का ते बघायचंय, तर एखाद्या जाणकार माणसाकडून नव्या, सुरक्षित वीजपुरवठ्यावर बघून घ्या. डब्लो १९५९पर्यंत फक्त तीन रुळांवर धावायची, त्यामुळे तुमच्याकडचे रूळ तिलाच लागणारे आहेत. हल्लीच्या नव्या सेटला ते जुळणार नाहीत.

आजोबांचं हॉर्नबीचं चावीचं इंजिन आहे, १९३०च्या दशकातलं. पत्रा उत्तम, रंगही बरा, पण चाकांना बारीक भेगा पडल्यात आणि एकाचा तुकडा निघाला. अरल्डाइटनं चिकटवू का? (सांगली)

चिकटवू नका. एक काम करा. खिडकीशी उजेडात धरून चाकाची कड बघा. भेगा सरळ नसतील, वाळलेल्या तळ्यातल्या चिखलावर पडतात तशा जाळीदार असतील. चाक मुळापेक्षा किंचित फुगलेलंही असेल, त्यामुळे ते चौकटीला घासतं आणि इंजिन अडकत चालतं. हा आजार धातूच्या पोटातला आहे. ही चाकं जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली असतात, इंग्लंडात त्याला माझाक म्हणतात. जस्त अगदी शुद्ध असेल तर काही होत नाही. पण त्या काळी ओतताना शिशाचा अंश मिसळला गेला की तो धातूच्या कणांच्या सांध्यांत बसतो आणि ओल लागली की आतून पोखरत जातो. एकाच वर्षी बनलेल्या दोन इंजिनांपैकी एक ठणठणीत आणि दुसऱ्याचा भुगा, हे याच कारणानं. आपला पावसाळा त्याला खतपाणीच घालतो.

उपाय नाही. अरल्डाइट लावलेला तुकडा राहील, शेजारचा पडेल. पण तुमचं नशीब असं की अंग पत्र्याचं आहे आणि फक्त चाकं गेली आहेत. इंग्लंडात या इंजिनांची चाकं नव्यानं ओतून विकणारे कारागीर आहेत. ती बसवून घ्या, आणि जुनी, फुटलेली चाकं एका पाकिटात इंजिनाबरोबर ठेवा. विकताना ‘चाकं बदलली’ असं स्पष्ट लिहिलं तर जाणकार फार पैसे कापत नाहीत. लपवलं आणि नंतर कळलं, तर सगळ्याच इंजिनावरचा विश्वास जातो. ज्यांचं अख्खं अंग त्या धातूचं ओतलेलं आहे आणि तेच फुगलंय, त्यांना मी मोलाबद्दल काही सांगत नाही, काचेच्या कपाटात ठेवा म्हणते.

ताई, मी श्टुटगार्टला नोकरी करतो. ग्योपिंगन जवळच, त्यामुळे तिथल्या मेर्क्लिन या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कंपनीचं वेड लागलं. गेली काही वर्षं मी त्यांची ‘एकदाच निघणारी’ इंजिनं घेऊन खोका न फोडता ठेवतो. काही क्लबच्या सभासदांसाठीची आहेत. दहा-पंधरा वर्षांनी दाम दुप्पट होतील ना? (जर्मनी)

तुमच्यासारख्या सगळ्यांनीच खोके न फोडता ठेवलेत, हीच अडचण आहे. १९३०च्या दशकातलं पत्र्याचं मेर्क्लिन आज महाग आहे, कारण पोरांनी त्याच्याशी खेळून ते आपटलं, युद्धात घरं जळली, आणि उरलं ते थोडं. तुमचं इंजिन ज्या दिवशी निघालं त्याच दिवशी सगळ्यांनी ते जपून ठेवलं. क्लबचं इंजिन सभासदाशिवाय कुणाला मिळत नाही हे खरं, पण ते ज्याला हवं होतं तो सभासद होताच. नंतर घेणार कोण?

२००९मध्ये, कंपनीच्या दीडशेव्या वर्षातच, मेर्क्लिननं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हाही काहींना वाटलं की आता भाव चढणार. कारखाना चालूच राहिला, २०१३मध्ये सिंबा-डिकी या खेळण्यांच्या उद्योगानं तो घेतला, आणि नवी इंजिनं निघतच आहेत. जुन्यांपेक्षा बारकाव्यांत सरस. खरी दुर्मीळ चीज कोणती हे चोरांना विचारावं : २००५मध्ये ग्योपिंगनच्या कंपनीच्या संग्रहालयात चोरी झाली, तेव्हा दहा लाख युरोंहून जास्त किमतीचा माल गेला. नशिबानं तो पुढे सापडला. सापडला नसता तरी चोर तो विकणार कुणाला होते हा मला पडलेला प्रश्न. असल्या वस्तू जगात किती आणि कुणाकडे, हे सगळ्या संग्राहकांना पाठ असतं.

बंद खोक्यात आणखी एक होतं. इंजिनाच्या दातेरी चाकांतलं ग्रीस सुकून मेण होतं. उघडा, चालवा. आणि शनिवारच्या जुन्या बाजारात जाऊन पन्नास-साठच्या दशकातली वापरलेली इंजिनं स्वस्तात घ्या. मेर्क्लिननं रुळांच्या मधोमध वीज घेण्याची तीच जुनी पद्धत धरून ठेवली आहे, त्यामुळे आजोबांचं इंजिन नातवाच्या रुळांवर धावतं. हा आनंद युरोत मोजता येत नाही असं मी म्हणणार नाही, तीस-चाळीस युरोंत मोजता येतो.

एडिसनला आमच्या शेजारच्या आजी घर आवरतायत. त्यांच्याकडे लायनेल या अमेरिकन कंपनीची खेळण्यातली गुलाबी आगगाडी आहे! डबे फिकट निळे, पिवळे वगैरे. हजारो डॉलरची आहे म्हणतात. आम्हाला त्या आठशेला देतायत. घ्यावी का? (न्यू जर्सी)

बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नका.

गोष्ट अशी. १९५७मध्ये लायनेलला वाटलं, मुलींसाठीही गाडी काढावी. गुलाबी इंजिन, रंगीबेरंगी डबे. मुलींनी नाक मुरडलं. त्यांना खरी आगगाडी हवी होती, भावाकडे होती तशी काळी. माल पडून राहिला, आणि म्हणूनच थोडा उरला, आणि म्हणूनच आज महाग आहे. मला ही गोष्ट फार आवडते. पुढे १९९०च्या दशकात लायनेलनं त्याच धाटणीची गुलाबी गाडी पुन्हा काढली. शिवाय त्या इंजिनाचा साचा साध्या काळ्या २०३७ क्रमांकाच्या इंजिनाचाच होता. ते काळं इंजिन भरपूर मिळतं, आणि गुलाबी रंग कुठल्याही दुकानात. पुढचं तुम्हीच ओळखा.

म्हणून इंजिन उलटं करा. स्क्रूच्या खाचेत गुलाबी रंग साचलाय का? जिथे हात लागून रंग उडायला हवा, तिथे झिजेच्या वरून नवा रंग आहे का? पोटात, आतल्या बाजूला, खरचटलेल्या जागी काळं डोकावतंय का? तळाशी किंवा खोक्यावर नव्या मालाचा छाप आहे का? अमेरिकेत ‘ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन’ ही १९५४पासूनची संस्था आहे, तिच्या दर्जाच्या पायऱ्या सगळे मानतात : सी-१० म्हणजे कोरं करकरीत, सी-८ नव्यासारखं, सी-७ उत्कृष्ट, सी-६ फार चांगलं, सी-५ चांगलं. एक पायरी घसरली की भाव बराच घसरतो. तिच्या एखाद्या जुन्या सभासदाला दाखवा. खरी निघाली, तर आजीला आठशे देऊन पळू नका. त्यांना सांगा काय आहे ते. शेजार आहे.

मी बोटीवर होतो. १९७०च्या दशकात तोक्योत गिंझाच्या तेन्शोदो या दुकानातून खेळण्यातली पितळी इंजिनं घेतली. अमेरिकन नमुन्याची, रंग न दिलेली. आता डोळे अधू झाले. काय करू? (गुहागर)

दादा, आधी खोके उघडा. आजच. त्या काळच्या खोक्यांतला स्पंज कुजून चिकट होतो आणि पितळेवरच्या लॅकरला धरतो. स्पंज काढून इंजिनं मऊ, कोऱ्या पांढऱ्या कागदात ठेवा, खोके मात्र टाकू नका. चिंच, पितांबरी, ब्रासो, काहीही लावू नका. तांबूस झाक आली असेल ती तशीच राहू दे.

भावाचं म्हणाल तर पितळेचे दिवस होते, आता ते उतरले. हातानं जुळवलेल्या जपानी पितळेला एकेकाळी तोड नव्हती, म्हणून अमेरिकेत त्याला वाटेल ती किंमत यायची. मग चीनमध्ये बनणारं प्लॅस्टिक इतकं बारीक आणि इतकं चांगलं पळणारं झालं की चालवणाऱ्यांनी पाठ फिरवली. उरले ते कारागिरीवर जीव टाकणारे. तुमची इंजिनं एक-एक करून, खोक्यासकट, अशाच माणसाला द्या. एकगठ्ठा घेणारा भेटला तर तो व्यापारी समजा. विकायच्या आधी पुण्याला येणं झालं, तर कोथरूडला जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय बघून घ्या. तुमच्या इंजिनांच्याच मापाच्या गाड्या तिथे अख्ख्या गावातून पळतात.

चावीच्या इंजिनाची चावी हरवली आहे. कुठे मिळेल? (डोंबिवली)

मिळेल. चावी ज्यावर बसते त्या चौकोनी दांडीची बाजू व्हर्नियर कॅलिपरनं मोजून मिलिमीटरमध्ये कळवा, पट्टीनं नको. टोलाच्या घड्याळांच्या चाव्यांत बहुतेक मापं निघतात. तोवर पक्कडीनं पिळू नका.